कठड्याला चिकटायचं की मिक्सरपाशी थांबायचं?

जळगावात मेहरुण तलावाकाठी वाद पेटला तो तिकिटांवरून नाही, ती काढून झालीत. पुण्यात मैदानावर इंडी रॉकचा, म्हणजे स्वतंत्र रॉक बँडांचा, कार्यक्रम, जाणारे पाच जण. भांडण उभं कुठे राहायचं याचं.

"स्टेजसमोरच्या कठड्याला चिकटायचं," आबाचा हेका. "ड्रमरचे हात दिसले पाहिजेत. नाहीतर घरी मोबाइलवर ऐका ना!"

जिभाऊ लग्नकार्यात साउंड लावतो. "काय सांगी राह्यला भो! पुढे गाणाऱ्याचे शब्दच कळत नाहीत. मोठे स्पीकर दोन बाजूंना उंच टांगलेले, त्यांचा मारा पहिल्या रांगांच्या डोक्यावरून जातो. तुझ्या कानात येणार तो ड्रमचा आणि गिटारच्या ॲम्पचा, म्हणजे स्टेजवरच्या तिच्या स्पीकरचा, थेट आवाज, शिवाय जमिनीवरच्या सबचा, म्हणजे खर्जाच्या स्पीकरचा, धक्का. पुढच्यांसाठी स्टेजच्या कडेला छोटे स्पीकर ठेवतात, पण सगळीकडे नसतात. साउंडवाला मिक्स करतो ते स्वतःच्या जागेवरून ऐकून. सगळे आवाज जुळवायचा मिक्सर असतो त्या त्याच्या टेबलापाशी थांब."

"बरोब्बर मधोमध?" वैशालीनं विचारलं.

"मधून दोन पावलं बाजूला. मधल्या रेषेवर दोन्हीकडच्या सबचा आवाज एकाच क्षणी पोचतो, तिथे बास, म्हणजे खर्ज, फुगतो. फार कडेलाही जाऊ नको. ६० हर्ट्झच्या लाटेची लांबी साधारण ५.७ मीटर. एक सब दुसऱ्यापेक्षा तिच्या निम्म्यानं, म्हणजे तीनेक मीटरनं लांब पडला, की त्या सुराच्या दोन लाटा एकमेकींना मारतात. बास गिटार वाजतंय ते दिसतं, पण अंगावर येत नाही."

मिक्सरच्या टेबलाहून फार मागे जाण्यात अर्थ नाही. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. चौतीस मीटरवर उभं राहिलं तर ड्रमवर काठी पडलेली दिसते आणि ठोका सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यानं उशिरा येतो.

कानांच्या बाबतीत मात्र वाद नको. ८५ डेसिबल आठ तास चालतं असं धरलं, तर दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात पंधरा मिनिटं. बँड दीड तास वाजवतो. कापसाचे बोळे कामाचे नाहीत. फोमचे इअरप्लग घ्यायचे, बोटांत वळून बारीक करायचे, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर-मागे ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत तीस सेकंद बोटानं धरून ठेवायचा. अर्धवट बसला तर आवाज कडेनं आत शिरतो, आणि लोक म्हणतात प्लगचा उपयोगच नाही. फोममुळे झांजा जरा बोथट होतात. ज्याला ते खटकतं त्यानं सगळे सूर सारखेच कमी करणारे फिल्टरवाले घ्यावेत.

वेळेचं गणित सरळ आहे. उघड्या मैदानात रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद, हा २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांचा दंडक. वर्षातले मोजके दिवस राज्य सरकार बारापर्यंत सूट देतं. म्हणजे मुख्य बँड दहाच्या आत संपतो. साडेनऊला पोचणाऱ्याला शेवटची चार गाणी. गाडी मनमाड-दौंडमार्गे, आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, परतीचंही परतीच्या तारखेच्या हिशोबानं बघायचं.

गर्दीत नेटवर्क बसतं. भेटायची जागा आधी ठरवा, आणि "स्टेजच्या डावीकडे" असं म्हणू नका. वादकाचं डावं ते आपलं उजवं.

जिभाऊनं एक कबूल केलं. पहिली दोन गाणी बहुधा नीट बसत नाहीत. साउंडचेक, म्हणजे कार्यक्रमाआधीची आवाजाची चाचणी, रिकाम्या जागेत होतो, माणसं भरली की अंगं आणि कपडे वरचे सूर पितात. एकामागून एक बँड असले तर पूर्ण साउंडचेकही होत नाही, फक्त प्रत्येक वायर चालते का एवढंच बघतात.

आबानं तिथेच पकडलं. "मग ती दोन गाणी कठड्याला! तुझ्याच हिशोबानं मागे राहून फायदा नाही."

"आणि मग?"

"मग मागे. गर्दीत पुढे घुसणं अवघड, मागे निघायला वाट मिळते."

ठरलं. तिसऱ्या गाण्याला सगळे मिक्सरच्या टेबलापाशी, स्टेजकडे तोंड केल्यावर उजव्या कोपऱ्याला.