शिप, शीप आणि 'पहिलीतलं पोर' : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय (नाव दिलं नाहीत, म्हणून महोदयच),

इंग्रजी 'शिप' (जहाज) आणि 'शीप' (मेंढी) यांच्या उच्चारातल्या फरकावर मी लेख लिहिला, त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं : "शिप ऱ्हस्व, शीप दीर्घ. पहिलीतलं पोरही सांगेल. त्यासाठी पानभर चऱ्हाट कशाला? कोकणातल्या पोरांना साहेबी चोचले शिकवून पोट भरणाऱ्यांपैकी तुम्ही दिसता." शिवाय व्ही-डब्ल्यू या अक्षरांच्या उच्चारावरून दोन टोमणे.

लेख लांबला, मान्य. पण 'पोट भरणाऱ्यांपैकी'? रत्नागिरीत घराच्या पडवीत मी पोरांना फुकट शिकवतो हो. दापोलीकर म्हणवता स्वतःला. फटकळपणा समजू शकतो, पण त्याच्या आत थोडी माया असते म्हणतात. ती कुठे दिसली नाही.

आता ते पहिलीतलं पोर. इंग्रजीत स्वराची लांबी पुढच्या व्यंजनाप्रमाणे कमीजास्त होते. 'बीट' (beat) म्हणताना ट-मुळे ई आखडते, 'बिड' (bid) म्हणताना ड-मुळे इ लांबते. मोजून पाहिलंत तर दोन्ही जवळपास सारख्याच भरतील. मग साहेबाचा कान ओळखतो कशावरून? जिभेच्या जागेवरून. 'शीप'ला जीभ टाळूकडे चढते, ओठ फाकतात. 'शिप'ला ती जरा खाली, सैल पडून राहते. आपल्या इ-ईमध्ये जीभ फारशी जागा सोडत नाही, म्हणून आपल्याला हा फरक ऐकूच येत नाही. तुमचा नियम शुद्धलेखनाच्या वहीत शोभतो, तोंडात उपयोगाचा नाही.

आणि हे मी पुस्तक वाचून सांगत नाही. हयात मालवाहू जहाजांवर गेली. व्हीएचएफवर, म्हणजे जहाजावरच्या रेडिओवर, खरखर चालू असताना 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' ऐकून पाहा. शेवटचा न खरखरीत बुडाला की हातात राहतो फक्त आघात, म्हणजे शब्दाच्या कुठल्या भागावर जोर पडला ते, आणि आघाताची आपल्या मराठी कानाला सवय नाही. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ मध्ये जहाजांवरच्या संभाषणाची ठरावीक वाक्यं मंजूर केली, त्यांत आकडे सुटे उच्चारायचे असतात : वन-फाइव्ह, फाइव्ह-झीरो. तेही चोचलेच का?

धक्क्याजवळचा 'बर्थ' (जहाज लावायची जागा) आणि जन्माचा 'बर्थ' कसे ओळखायचे, असं खिजवून विचारलंत. कानाने ओळखताच येत नाहीत, दोन्हींचा उच्चार एकच. वाक्यावरून कळतात. लेखात तिसऱ्याच परिच्छेदात आहे हे, पण तिथवर तुम्ही आला नसाल.

व्ही-डब्ल्यूचं सोडून देतो, त्यात मुद्दा नव्हता, नुसता ओरखडा होता.

तुमच्या घरी पर्यटक उतरतात असंही लिहिलंत. छान. परदेशी बाईंना 'या, आमचा बीच दाखवतो' म्हणताना तेवढी जीभ वर न्या.