खाजगीत, सन्मानाने

स्वातंत्र्यदिन ऐन पावसाळ्यात येतो आणि पावसाळ्यात आमची गॅलरी म्हणजे नुसत्या दोऱ्या. तिरंगा लावायचा तोही तिथंच. त्यात ध्वजसंहिता घरात मी एकट्यानेच वाचलेली, तेव्हापासून बाकीच्यांच्या डोक्याला ताप.

काठीची अडचण नव्हती, गुढीची होती. फक्त तिच्या टोकाला पाडव्याच्या गाठीची साखर चिकटली होती, त्यामुळे ध्वजारोहणाला मुंग्या आमच्या आधी हजर. काठी धुतली, पुसली, केशरी पट्टा वर आहे ना हे तिघांनी तपासलं. तेवढ्यात वरच्या काकूंच्या साडीचं पाणी टपकायला लागलं. ध्वजाच्या वर दुसरा ध्वज किंवा पताका नको, असं संहिता सांगते. नऊवारी पताकेत मोडते का, हे विचारायला मी वर गेलो. काकू म्हणाल्या, "मोडत असेल तर तुम्ही तुमचा घ्या आत!"

मग अप्पा. डिसेंबर २०२१मध्ये पॉलिएस्टरच्या ध्वजाला परवानगी मिळाली, ती त्यांनी नाइलाजाने मान्य केली. पण जुलै २०२२पासून घरावरचा तिरंगा रात्रीही फडकत ठेवता येतो, हे त्यांना साफ नामंजूर. सूर्यास्ताला उतरवायचा म्हणजे उतरवायचा. ढगांत सूर्य दिसत नाही, म्हणून कालनिर्णयात वेळ बघतात आणि मिनिटाला हाक मारतात. मग घडी. दोघांनी ताणून धरायचा, केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याखाली दुमडायचा, मग दोन्ही बाजूंनी आत घेत चक्र वर आणायचं, आणि हे सगळं जमिनीला न टेकवता. आमच्या हॉलमध्ये दोन माणसं हात पसरून उभी राहिली की एकाचा कोपर टीव्हीला लागतो.

पण हे सगळं परवडलं. यंदा वाऱ्याने ध्वजाची कडा उसवली. फाटका ध्वज लावायचा नाही आणि कचऱ्यातही टाकायचा नाही. तो खाजगीत, सन्मानाने, शक्यतो जाळून नष्ट करायचा. आता आमच्या इमारतीत लसणाची फोडणीसुद्धा खाजगीत देता येत नाही. वरून विचारतात, "आज आमटी का?" त्यातून १९७१च्या कायद्यात, लोकांना दिसेल अशा जागी ध्वज जाळून त्याचा अपमान केला तर तीन वर्षांपर्यंत कैद. आपण मान राखायला जाळतोय, हे समोरच्या इमारतीतल्या मोबाइलला कोण सांगणार? गॅलरी बाद. स्वयंपाकघर हिने बाद केलं, पॉलिएस्टरचा धूर कोण घेणार म्हणून.

राहिली गच्ची, टाकीमागचा कोपरा. किल्ली सेक्रेटरींकडे. त्यांनी रजिस्टर पुढे सरकवलं. 'कारण' या रकान्यात काय लिहायचं म्हणून मी पेन धरून उभा. शेवटी लिहिलं, 'ध्वज जाळणे'. चश्मा वर करून त्यांनी ते दोनदा वाचलं. मी संहितेची प्रत दाखवली. तीही वाचली. मग म्हणाले, "रीतसर अर्ज द्या. जनरल मीटिंगमध्ये ठेवू, सगळ्यांसमोर ठराव करू. आणि अर्जात 'खाजगीत' हा शब्द ठळक लिहा."