‘लीग टेबल बघा आणि डोळे मिटून सही करा’ म्हणे!

ताईनं परवा फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला आणि भाचीला टॅग करून खाली लिहिलं, ‘नीट वाच.’ भाचीकडे मुंबईतल्या दोन इन्व्हेस्टमेंट बँकांच्या ऑफर आहेत, शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय. फॉरवर्डमध्ये काय, तर लीग टेबलात, म्हणजे कोणत्या बँकेनं कंपन्यांचे किती रकमेचे व्यवहार (डील) जुळवले त्या क्रमवारीत, पहिल्या तीनात असलेली बँक घ्या. कल्चर सगळीकडे सारखंच, त्यात वेळ घालवू नका. पहिली दोन वर्षं आठवड्याला 100 तास घासलं की माणूस घडतो. मोठं नाव म्हणजे कायमची सुरक्षितता. आणि मुलाखतीत उलट प्रश्न विचारले की नाव कापलं जातं. मी या धंद्यात सहा वर्षं काढली आहेत. गप्प बसवेना.

आधी ते 100 तास. आठवड्याचे तास 168. उरले 68. रोज पाच तास झोप धरली की 35 गेले. राहिलेल्या 33 मध्ये, म्हणजे दिवसाला पावणेपाच तासांत, अंघोळ, जेवण, प्रवास आणि आईचा फोन. पाच तासांची झोप मी मनानं धरलेली नाही. फेब्रुवारी 2021 मध्ये गोल्डमन सॅक्स या अमेरिकन बँकेतल्या पहिल्या वर्षाच्या 13 अ‍ॅनालिस्टांनी आपापसात सर्व्हे केला, ऑफिसच्या प्रेझेंटेशनच्या थाटात स्लाइड्स बनवल्या आणि त्या बाहेर फुटल्या. आठवड्याला सरासरी नव्वदहून जास्त तास काम, रात्री पाच तास झोप. नोकरीआधीच्या मानसिक आरोग्याला त्यांनी दहापैकी 8.8 गुण दिले होते, नंतरच्या 2.8. शारीरिक आरोग्य 9 वरून 2.3. तेराच जण होते, मान्य. पण त्यांनी मागितलं काय, तर आठवड्याला 80 तासांची मर्यादा! 80 तास ही सवलत वाटावी अशी ती अवस्था.

माझंच सांगते. सलग तिसऱ्या रात्री मी मॉडेलमध्ये, म्हणजे कंपनीच्या हिशोबाच्या एक्सेल शीटमध्ये, कर्जाचं चिन्ह उलट टाकलं आणि सकाळच्या मीटिंगमध्ये ते क्लायंटनं दाखवून दिलं. घडले वगैरे काही नाही, चष्म्याचा नंबर तेवढा वाढला.

‘कल्चर सगळीकडे सारखंच.’ 2024 मध्ये जेपी मॉर्गननं ज्युनिअरांच्या कामाला आठवड्याला 80 तासांची मर्यादा घातली, पण डील लाइव्ह, म्हणजे प्रत्यक्ष चालू, असेल तर सूट ठेवली. आता ती सूट महिन्यातून एकदा लागते की दर आठवड्याला, हे बँकेच्या नावावरून कसं कळणार? ते त्या टीमच्या साहेबावर ठरतं. मुंबईत आणखी एक भानगड आहे. नाव तेच, पण एक जण बीकेसीत भारतीय कंपनीच्या प्रमोटरसमोर बसतो, तर दुसरा सपोर्ट सेंटरमध्ये न्यूयॉर्कच्या टीमसाठी रात्री पिचबुकची, म्हणजे काम मिळवायला क्लायंटला दाखवायच्या प्रेझेंटेशनची, पानं रंगवतो. ऑफर लेटरवर कंपनीचं पूर्ण नाव वाचा. त्यात ‘सर्व्हिसेस’ शब्द असेल तर काम नेमकं कुठलं, ते आधी विचारा.

लीग टेबलचा मुद्दा अर्धा खरा आहे, नाइलाजानं कबूल करते. ज्या टीमकडे डीलच नाहीत तिथे दोन वर्षं पिचबुकंच होतात, शिकायला काही मिळत नाही. पण टेबल ते सांगत नाही. कंपन्यांच्या खरेदी-विक्रीत एका डीलवर चार सल्लागार असले तर चौघांच्याही खात्यात सहसा पूर्ण रक्कम चढते. वर्ष, क्षेत्र आणि रकमेची चाळणी बदलली की जवळपास प्रत्येक बँक कुठल्या ना कुठल्या तक्त्यात पहिली येते. 2022 च्या एलआयसीच्या आयपीओवर 10 बँका होत्या. त्यातल्या प्रत्येकीच्या स्लाइडवर तो लोगो दिमाखात असणार.

त्यापेक्षा शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीच्या साइटवर जाऊन डीआरएचपी, म्हणजे आयपीओआधी कंपनी दाखल करते तो माहितीपत्रकाचा मसुदा, उघडा, फुकट आहे. त्यात मर्चंट बँकरांमधल्या, म्हणजे आयपीओ हाताळणाऱ्या बँकांमधल्या, कामाच्या वाटणीचा तक्ता असतो: ड्यू डिलिजन्स (कंपनीची कसून तपासणी) आणि मसुदा कोणाकडे, रोड शोचं (गुंतवणूकदारांच्या भेटींचं) प्रेझेंटेशन कोणाकडे, जाहिराती कोणाकडे. गेल्या दोन वर्षांतले पाच-सहा मसुदे चाळले की कोणती बँक लिखाणाचं मुख्य काम धरते आणि कोणती छपाई-जाहिरातींचा समन्वय बघते, ते दिसतं. हा उद्योग एका संध्याकाळचा आहे.

मोठं नाव म्हणजे सुरक्षितता? लेहमन ब्रदर्सचं पवईत ऑफिस होतं. सप्टेंबर 2008 मध्ये बँक बुडाली, ते ऑफिस नोमुराकडे गेलं. क्रेडिट स्वीस पुण्यातही होती. 2023 मध्ये यूबीएसनं गिळली. पुढे.

मुलाखतीत प्रश्न विचारल्यावर नाव कापलं जाणार असेल तर कापू दे की! वर्षभरात टीममधून किती जण गेले, कुठे गेले, शेवटची तडीस गेलेली डील कोणती, एवढं विचारल्यावर राग येणाऱ्या माणसाच्या हाताखाली रात्री दोन वाजता काय होईल?

भाचीनं एका टीममधून बाहेर पडलेल्या तिघांची नावं लिंक्डइनवर शोधली आहेत, दोघांशी बोलणंही झालं. दुसऱ्या टीममधून गेलेलं अजून कोणी सापडलेलं नाही, शोध चालू आहे. आणि ताई, तो फॉरवर्ड तेवढा डिलीट कर.