‘लहान मुलांना पंप देऊ नका’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गळीत हंगाम सुरू झाला, पाचटाचा धूर गावावर रेंगाळायला लागला की आमच्या पलूस-तासगाव भागातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज हमखास वर येतो. मजकूर थोडक्यात असा: लहान मुलाची छाती घुरघुरली की डॉक्टर पंप (इनहेलर) लिहून देतात, तो घेऊ नका. एकदा लागला की सुटत नाही. त्यात स्टिरॉईड असतं, उंची खुंटते. पंप दिला काय न दिला काय, दमा व्हायचा तो होतोच, हे अमेरिकेतल्याच संशोधनानं सिद्ध केलंय. द्यायचंच तर सिरप द्या, नाहीतर दवाखान्यात वाफ घ्या. धाप वाढली तर अमुक सिरप तीन दिवस घरीच द्या. आणि कायमचा उपाय हवा असेल तर कोजागरीचं औषध. हजारो मुलं बरी झाली आहेत.

माझं मेडिकल आहे. हा मेसेज फिरला की कोरा पंप परत घेऊन येणारे आईबाप मला काउंटरवर भेटतात. निव्वळ थापा असत्या तर उत्तर द्यायच्या भानगडीत पडले नसते. पण यातलं बरंचसं खऱ्या संशोधनातून उचललंय आणि उचलताना संशोधकांनी विचारलेला प्रश्नच बदलून टाकलाय.

सवयीचं आधी उरकते. ‘त्या पंपाची सवय लागंल बघा पोराला,’ हे आज्या काळजीनंच म्हणतात. पंप दोन तऱ्हेचे: धाप लागल्यावरचा निळा आणि रोज घ्यायचा स्टिरॉईडचा. निळ्या पंपातलं सालब्युटामॉल श्वासनळीभोवतीचे आवळलेले स्नायू सैल करतं, चार-सहा तास. त्याचं व्यसन लागत नाही. औषध उतरल्यावर घुरघुर परत आली तर याचा अर्थ आजार अजून आहे, एवढाच. मात्र निळा पंप रोजच्या रोज लागत असेल तर नुसता तोच ओढत बसू नका, डॉक्टरांना सांगा. मेसेज लिहिणाऱ्याला खरंच काळजी असती तर त्यानं हे लिहिलं असतं.

आता ‘अमेरिकेतल्या संशोधना’कडे वळू. ते आहे, आणि उत्तम आहे. २००६ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आलेल्या या चाचणीचं नाव ‘पीक’. दोन ते तीन वर्षांची २८५ मुलं घेतली, तीही वारंवार घुरघुरणारी आणि घरात दमा किंवा स्वतःला इसब वगैरे असल्यामुळे पुढे दमा होण्याची शक्यता जास्त असलेली. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले. एका गटाला दोन वर्षं रोज दोन वेळा फ्लुटिकॅसोन हे श्वासावाटे घ्यायचं स्टिरॉईड, दुसऱ्याला तसाच दिसणारा पण औषध नसलेला पंप. तिसऱ्या वर्षी सगळ्यांचं औषध बंद. संशोधकांना बघायचं होतं ते हे, की लवकर औषध सुरू केलं तर दमा मुळात जडायचाच थांबतो का?

उत्तर आलं, नाही. तिसऱ्या वर्षी दोन्ही गटांत त्रास नसलेले दिवस सारखेच निघाले. मेसेजवाल्यानं एवढंच उचललं. पण औषध चालू होतं त्या दोन वर्षांत औषधाचा पंप घेणाऱ्या मुलांना त्रास नसलेले दिवस जास्त मिळाले आणि तीव्र झटके कमी आले. तो भाग मेसेजमधून गळाला. द्राक्षबागेवर फवारणी केली की यंदाचा डाऊनी रोग आटोक्यात येतो, पुढच्या वर्षी तो येणारच नाही असं कुणी म्हणत नाही. म्हणून तासगावात कुणी फवारणी सोडून दिल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

मेसेजच्या बाजूनं बोलण्यासारखंही काही आहे. त्याच वर्षी डेन्मार्कमधल्या चाचणीत तान्ह्या वयापासून, घुरघुर सुरू झाली की दोन आठवडे श्वासावाटे ब्युडेसोनाईड हे स्टिरॉईड असं देऊन पाहिलं. पुढचा दमा टळला नाहीच, चालू आजारातही फरक दिसला नाही. म्हणजे प्रत्येक घुरघुरणाऱ्या पोराला पंपातलं स्टिरॉईड लागतं असं मुळीच नाही. मग कुणाला लागतं? २०१६ साली अमेरिकेत ३०० मुलांवर झालेल्या ‘इन्फंट’ चाचणीत प्रत्येक मुलाला आळीपाळीनं तीन वेगवेगळे उपचार दिले. ज्यांना हवेतल्या गोष्टींची अ‍ॅलर्जी होती आणि रक्तात इओसिनोफिल (अ‍ॅलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या) पेशी मायक्रोलिटरमागे ३०० किंवा जास्त होत्या, त्यांना रोजचा स्टिरॉईडचा पंप सगळ्यात चांगला लागू पडला. बाकीच्यांत असा ठळक विजेता नव्हता. डॉक्टर ‘घरात कुणाला दमा आहे का, अंगावर चट्टे उठतात का’ विचारतात किंवा रक्त तपासायला सांगतात ते यासाठी. आणि सहा महिन्यांच्या बाळाला पहिल्यांदाच सर्दीतून घुरघुर झाली असेल तर तो बहुधा ब्राँकिओलायटिस (बारीक श्वासनळ्यांची सूज) असतो, आरएसव्हीसारख्या विषाणूचा. त्यात सालब्युटामॉलचाही फारसा उपयोग नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१४ मध्येच ते देऊ नका म्हणून सांगितलंय. तिथं नाक साफ ठेवणं, अंगावरचं दूध थोडं थोडं पाजत राहणं आणि श्वासावर लक्ष ठेवणं, एवढंच काम असतं.

उंचीचं काय? इथं मेसेज खोटं बोलत नाही, म्हणून आकडेच बघू. ‘पीक’ चाचणीत दोन वर्षं औषध घेतलेल्या मुलांची उंची दुसऱ्या गटापेक्षा सरासरी १.१ सेंटिमीटर कमी भरली. औषध बंद करून वर्ष झाल्यावर फरक ०.७ वर आला. आणखी वर्षभरानं एकूण गटात फरक नगण्य होता. पण सुरुवातीला दोन वर्षांची आणि वजनानं १५ किलोच्या आतली जी मुलं होती त्यांच्यात १.६ सेंटिमीटरचा फरक राहिला. थोड्या मोठ्या, ५ ते १२ वर्षांच्या हजारावर मुलांची ‘कॅम्प’ नावाची वेगळी चाचणी होती. ती मुलं वाढून चोविशी-पंचविशीला आली तेव्हा परत मोजली. ब्युडेसोनाईड घेतलेले सरासरी १.२ सेंटिमीटरनं बुटके निघाले. हा फरक खरा आहे आणि कायमचा आहे. ‘काही होत नाही हो’ म्हणून तो उडवून लावणारे डॉक्टरही मला पटत नाहीत. कमीत कमी डोस, दर भेटीत उंचीची नोंद, आणि मूल काही महिने ठणठणीत राहिलं की डोस उतरवायचा की बंद करायचा याचा विचार, असं त्याचं उत्तर आहे. पंप कचऱ्यात टाकणं हे उत्तर नव्हे. एक-सव्वा सेंटिमीटर एका बाजूला, आणि रात्री-अपरात्री ऑक्सिजन लावायला मिरजेला पळणं दुसऱ्या बाजूला. तोलायचं आईबापांनी, पण दोन्ही पारडी समोर ठेवून.

आता गंमत बघा. मेसेज पंपातल्या स्टिरॉईडला भितो आणि खालच्याच ओळीत धाप वाढल्यावर घरच्या घरी द्यायला जे सिरप सांगतो, ते प्रेडनिसोलोन आहे. म्हणजे स्टिरॉईडच, तेही पोटातून साऱ्या अंगात जाणारं. १२ किलोच्या मुलाला किलोमागे १ मिलिग्रॅम धरलं तर दिवसाला १२ मिलिग्रॅम. पंपातून ब्युडेसोनाईडचा कमी डोस साधारण २०० मायक्रोग्रॅम. ही दोन वेगळी औषधं आहेत, जोरही वेगळा. पण नुसत्या वजनानं मोजलं तर सिरपच्या एका दिवसात पंपाचे ६० दिवस बसतात.

बरं, त्याचा उपयोग तरी किती? २००९ साली इंग्लंडमधल्या तीन रुग्णालयांत ही परीक्षा झाली. सर्दी-पडशाबरोबर घुरघुर होऊन आलेली, १० महिने ते ५ वर्षांची सुमारे ७०० मुलं. निम्म्यांना पाच दिवस प्रेडनिसोलोन, निम्म्यांना औषध नसलेलं द्रव. रुग्णालयातल्या मुक्कामात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. पुढे २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये दोन ते सहा वर्षांच्या ६०५ मुलांवर तीच परीक्षा झाली आणि तिथं फरक दिसला: मुक्काम सुमारे ९ तासांवरून ६ तासांवर आला. याचा अर्थ रुग्णालयात आणलेल्या काही मुलांना ते लागू पडतं. कुणाला, ते तपासणारा ठरवतो. घरातल्या फडताळातली बाटली दर सर्दीला उघडणं यात कुठंच बसत नाही. चिठ्ठीशिवाय ते मागायला येणाऱ्यांना मी देत नाही, आणि त्यावरून बोलूनही घेते.

सालब्युटामॉलच्या सिरपचंही तेच. पाच मिलिलिटरच्या एका चमच्यात २ मिलिग्रॅम, पंपाच्या एका दाबात १०० मायक्रोग्रॅम. एका चमच्यात वीस दाब. पोटातून रक्तात, रक्तातून फुफ्फुसात अशी वळसा घालून जाणारी ही वाट. लागू पडायला वेळ, आणि तोवर पोराचे हात थरथरतात, छाती धडधडते. ‘सिरप सौम्य असतं’ हा समज कुठून आला कुणास ठाऊक. गोड लागतं म्हणून असेल.

राहिली वाफ. मशीनचा आवाज होतो, धूर दिसतो, त्यामुळे काहीतरी भारी उपचार चालल्यासारखं वाटतं. पण स्पेसर (पंप आणि तोंड यांच्यामध्ये धरायची पोकळ नळी) लावून दिलेला पंप आणि नेब्युलायझर हे वाफेचं मशीन यांची तुलना करणाऱ्या चाचण्या कॉक्रेन या संशोधनं गोळा करून तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात एकत्र मांडल्या आहेत. मुलांमध्ये स्पेसर कुठंही कमी पडला नाही. उलट तातडीच्या विभागात मुलं कमी वेळ अडकली आणि नाडीचे ठोकेही कमी वाढले. त्यासाठी महागडा स्पेसरच हवा असंही नाही. दक्षिण आफ्रिकेत केपटाउनच्या डॉक्टरांनी ५०० मिलिलिटरच्या कोल्ड्रिंकच्या बाटलीला भोक पाडून, पंपाचं तोंड गोंदानं हवाबंद बसवून स्पेसर केला. १९९९ साली लॅन्सेटमध्ये छापून आलेल्या त्या चाचणीत ही बाटली विकतच्या स्पेसरच्या बरोबरीची ठरली. अर्थात ती मुलं पाच वर्षांपुढची होती. तान्ह्याला मास्क लागतोच.

औषध लागू पडत नाही असं सांगणाऱ्यांना मी काउंटरवरच करून दाखवायला सांगते आणि तिथं खरं कारण कळतं. पंप हलवलेला नसतो. मास्क गालावर एका बाजूनं उचललेला असतो, सगळं औषध तिथून निसटतं. दोन दाब एकदम मारतात. पोरगं किंचाळत असतं, आणि ‘रडताना जास्त ओढतं’ म्हणून आजी खूश असते. प्रत्यक्षात रडताना फुफ्फुसात कमीच पोचतं. पंप हलवा, मास्क नाक-तोंडावर घट्ट, एक दाब, मग पाच-सहा शांत श्वास. स्पेसरच्या पडद्याची टिकटिक बघत मोजा. दुसरा दाब हवा असेल तर पुन्हा हलवून. स्टिरॉईडचा असेल तर नंतर चूळ भरून तोंड धुवायचं. स्पेसर साबणाच्या पाण्यातून काढून तसाच वाळवायचा, फडक्यानं पुसायचा नाही. घासलं की आत स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतीलाच चिकटून बसतं.

कोजागरीच्या औषधानं हजारो बरी झाली, हा दावा मात्र मी खोटा म्हणणार नाही. बरी झाली असतील. अमेरिकेत अ‍ॅरिझोनामधल्या टुसॉन शहरात जन्मापासून मुलांच्या मागे लागून केलेला एक अभ्यास आहे. १९९५ साली त्यातल्या ८२६ मुलांचा हिशेब छापला गेला. साधारण तिघांतलं एक मूल तीन वर्षांच्या आत कधी ना कधी घुरघुरलं होतं. त्या घुरघुरणाऱ्यांपैकी दहातल्या सहा जणांची घुरघुर सहाव्या वर्षापर्यंत आपोआप थांबली होती. श्वासनळ्या जन्मतःच अरुंद. मूल वाढलं, नळ्या रुंदावल्या, त्रास गेला.

मग तिसऱ्या वर्षी कोजागरीला रात्रभर जागवून, चांदण्यातल्या खिरीतून औषध दिलं, हैदराबादला नेऊन मृगाचा मासा गिळवला, किंवा काहीच न करता नुसती वाट पाहिली, तरी दहातले सहा बरे होणारच आणि यश त्या-त्या वर्षी जे केलं त्याच्या नावावर जमा होणार. उरलेले चार ‘हजारो’मध्ये मोजायला कुणी जात नाही. असल्या आजारात औषध न दिलेला गट शेजारी ठेवल्याशिवाय कुणाचंच श्रेय ठरवता येत नाही, ते एवढ्यासाठी. डॉक्टरांचं लाडकं प्रेडनिसोलोनही याच मोजपट्टीवर इंग्लंडात उघडं पडलं, हे वर आलंच. कोजागरीचं औषध या मोजपट्टीवर ठेवायला त्याच्या भक्तांनी जरूर पुढं यावं. एक मात्र सांगते, नाव-गाव नसलेल्या पुड्यांत स्टिरॉईड मिसळलेलं सापडण्याचे प्रकार आपल्या देशात घडलेले आहेत.

टुसॉनच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली: लवकर घुरघुरून लवकर थांबलेल्या मुलांमध्ये आई धूम्रपान करणारी असण्याचं प्रमाण जास्त होतं. आपल्याकडे बाया बिड्या ओढत नाहीत, पण तव्यावर मिश्री भाजतात आणि बाळ त्याच खोलीत झोळीत असतं. मिश्रीवर अ‍ॅरिझोनात कुणी अभ्यास केला नाही हे उघड आहे. तंबाखूचा धूर तो तंबाखूचा धूरच. मेसेजमध्ये ‘मोकळी हवा द्या’ असं एक वाक्य आहे, ते मला शंभर टक्के मान्य आहे. पाचट पेटवणाऱ्यांनाही तो मेसेज पाठवा.

मेसेजची शेवटची ओळ: ‘रात्री धाप लागली तर ओव्याचा शेक द्या, सकाळी बघू.’ ही ओळ सगळ्यात घातक. मूल शांत असताना सदरा वर करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिने ते वर्षाच्या बाळाचे ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त असतील तर श्वास जलद आहे. गावच्या आशाताईही हेच मोजतात. बरगड्यांखाली छाती आत ओढली जात असेल, मूल पीत नसेल, मलूल पडलं असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर सकाळची वाट बघायची नाही, १०८ लावायचा. आणि आतापर्यंत खेळणारं मूल शेंगदाणे खाता खाता ठसकून अचानक घुरघुरायला लागलं असेल तर दाणा श्वासनळीत गेलेला असू शकतो. तिथं पंप, सिरप, वाफ कशाचाच उपयोग नाही. दुर्बिणीनं तो काढणाऱ्या रुग्णालयातच न्यावं लागतं, ठसका थांबून मूल बरं वाटलं तरीही.