मामीच्या गोळ्या आणि 'बदललेली जनुकं'

मामीने हेपटायटिस सीच्या (यकृताला सूज आणणाऱ्या विषाणूच्या) गोळ्या पाचव्या आठवड्यातच बंद केल्या. पाकीट मला काल मिसळणाच्या डब्यामागे सापडलं. कारण विचारलं तर तिने मोबाईल पुढे केला. 'हा विषाणू जनुकं कायमची बदलतो, दोष पुढच्या पिढीत उतरतो. गोळ्यांचा उपयोग नाही, उलट कॅन्सर होतो. काढ्याने जनुकं मूळपदावर येतात.' खाली 'शास्त्रज्ञांचे मत'. कुठल्या, ते विचारू नका.

आधी पिढीचं बघू, कारण वहिनीला, म्हणजे मामीच्या सुनेला, सातवा महिना आहे आणि घरात रडारड चालू आहे. हेपटायटिस सीचा विषाणू आरएनएचा, म्हणजे त्याची जनुकं आरएनएवर लिहिलेली, आपली डीएनएवर. तो यकृताच्या पेशीत वाढतो, पण आपल्या डीएनएत घुसून बसत नाही. (हेपटायटिस बीचा बसू शकतो, फॉरवर्डवाल्याने बहुधा दोन्हींची खिचडी केलीय.) बाधित आईकडून बाळाला लागण होते, साधारण १०० पैकी ५-६ बाळांना, पण ती लागण, वारसा नव्हे. आणि मामीला रक्त चढवलं ते १९८८ मध्ये, दादा जन्मल्यावर अंगावरून खूप गेलं म्हणून. या विषाणूची ओळखच पटली १९८९ मध्ये, तेव्हा रक्त तपासणार कोण आणि कसं? म्हणजे दादा झाला त्यानंतरची ही लागण. मग नातवात उतरणार काय, कपाळ?

बदलतं ते जनुकांचं काम. पोथी तीच, कुठलं पान किती वेळा वाचायचं ते बदलतं. विषाणू असेपर्यंत यकृतात इंटरफेरॉनच्या (विषाणू आल्याची वर्दी देणाऱ्या प्रथिनाच्या) हाकेला ओ देणारी जनुकं जागी राहतात. तो गेला की बहुतांशी शांत होतात.

बहुतांशी म्हटलं, कारण एक गोष्ट नाइलाजाने कबूल करायला हवी. २०१९ मध्ये 'गॅस्ट्रोएंटरॉलॉजी' या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात विषाणू गेलेल्या रुग्णांच्या यकृतातही जनुकांचं काम ठरवणाऱ्या काही रासायनिक खुणा शिल्लक दिसल्या, आणि त्यांचा कॅन्सरच्या धोक्याशी संबंध आढळला. पण यातून निघतं ते इतकंच, की यकृत खराब व्हायच्या आत उपचार घ्या आणि सिऱ्होसिस (यकृतावर वण पडून ते कडक होणं) झालेला असेल तर बरं झाल्यावरही दर ६ महिन्यांनी सोनोग्राफी करा. गोळ्या डब्यामागे लपवा, हे कुठून काढलं?

गोळ्यांनी कॅन्सर होतो ही शंका २०१६च्या सुमारास आली होती, नंतरच्या मोठ्या अभ्यासांत टिकली नाही. १२ आठवड्यांच्या कोर्सने १०० पैकी ९५च्या वर लोक बरे होतात, आणि २०१८ पासून सरकारी कार्यक्रमात तो फुकट मिळतो. काढ्याने हा विषाणू गेल्याचं कुणी दाखवलेलं नाही, संपला विषय.

नऊ दिवस चुकलेत. उद्या सकाळी मामीला ओपीडीत नेतोय, पुढचं डॉक्टर ठरवतील. पाकीट सध्या माझ्या खिशात आहे.