गुरगुरणाऱ्या कुत्र्याला गप्प करू नका

रॉटवायलर जातीचा कुत्रा आणायचं ठरवलंय, आधी काय शिकू, असं गेल्या महिन्याभरात चौघांनी विचारलं. खाणं, लसी, व्यायाम याची माहिती कुठेही मिळते. मी चौघांनाही एकच गोष्ट आधी सांगितली आणि तीच इथे सविस्तर लिहितेय. मला ती वेळेवर कुणी सांगितली नव्हती, आणि त्याचा त्रास भैरूला झाला.

भैरू आमचा रॉटवायलर. आता सात वर्षांचा आहे, वजन ४६ किलो. ही गोष्ट तो दहा महिन्यांचा असतानाची. फिरून आल्यावर मी त्याचे पाय पुसायचे. तीन पाय निमूट पुसू द्यायचा. मागचा डावा पाय उचलला की घशातून बारीक गुरगुर यायची. त्याआधी तो माझ्यावर कधीच गुरगुरला नव्हता, त्यामुळे मी हबकलेच. तेव्हा एक ट्रेनर घरी यायचे. ते म्हणाले, "आत्ताच दाबला नाहीत तर उद्या डोक्यावर बसेल. रॉटवायलर आहे हा. गुरगुरला की पट्ट्याला झटका द्यायचा आणि मोठ्याने ‘नो’ म्हणायचं." मी तसंच केलं. आठवडाभरात गुरगुर कमी झाली, तीन आठवड्यांत पूर्ण थांबली. मला वाटलं, जमलं.

त्यानंतरच्या रविवारी मावशी आली. पिल्लू असताना तिने त्याला मांडीवर खेळवलेलं, इतकी जुनी ओळख. तो फरशीवर पसरला होता. ती शेजारी बसली आणि बोलता बोलता तिने त्याच्या कमरेवर थोपटलं. काही आवाज आला नाही, दात दिसले नाहीत. त्याने फक्त मान वळवली आणि मावशीचं मनगट तोंडात धरलं. क्षणभरच. लगेच सोडलं, उठला आणि कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसला. कातडी फाटली नव्हती, दोन निळे डाग उठले होते. मावशी शांत होती. रडत मी होते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी एक्स-रे काढला आणि बोट ठेवून दाखवलं. उजव्या खुब्यात मांडीच्या हाडाचा गोळा वाटीत नीट बसलेला होता. डावीकडची वाटी उथळ, आणि गोळा जवळजवळ अर्धा बाहेर. हिप डिस्प्लेसिया. "पाय मागे उचलला की चांगलंच दुखत असणार याला," डॉक्टर म्हणाले. भैरू मला हेच सांगत होता. तीन आठवडे मी त्याला सांगितल्याबद्दल मारत होते. पट्ट्याचा झटका म्हणजे मारच, त्याला दुसरं नाव देण्यात अर्थ नाही. दुखणं तसंच राहिलं, मी फक्त त्याचा आवाज काढून घेतला. मग त्याच्याकडे उरले ते दात. आणि तेही त्याने किती जपून वापरले, हे मला आजही आठवतं. त्या जबड्याने मनात आणलं असतं तर मनगट राहिलं नसतं.

गुरगुरणं ही इशाऱ्याची पायरी आहे. तिच्या आधीच्या पायऱ्या आणखी बारीक असतात. कुत्रा तोंड फिरवतो, नाक चाटतो, अंग ताठ करतो, श्वास रोखून धरतो, उघडं तोंड अचानक मिटतो, डोळ्याच्या कडेला पांढरं दिसायला लागतं. काळ्या चेहऱ्यावर हे सगळं चटकन टिपता येत नाही, म्हणून रॉटवायलरच्या घरात नजर जास्त तयार लागते. भैरूने हेही केलं असणार. मी बघत होते त्याच्या पायाच्या चिखलाकडे.

"डोक्यावर बसेल" हे वाक्य कुठून आलं, तेही नंतर वाचून काढलं. रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली बंदिस्त जागेत एकत्र ठेवलेल्या लांडग्यांचा अभ्यास मांडला. त्यात वरचढ होण्यासाठीच्या झटापटी दिसल्या आणि पुढे तीच कल्पना लोकांनी कुत्र्यांवर लादली. डेव्हिड मेक या लांडग्यांच्या अभ्यासकाने स्वतः ती आधी पुढे नेली होती. पण त्यांनीच १९९९ साली लिहिलं की जंगलातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आई, बाप आणि त्यांची पिल्लं, एक कुटुंब. इतकी वर्षं झाली तरी ट्रेनर मंडळी अजून तेच जुनं वाक्य घेऊन घरोघरी फिरतात, आणि मोठ्या, काळ्या, भीतीदायक दिसणाऱ्या कुत्र्यांच्या वाट्याला ते सगळ्यात आधी येतं. मला याचा मनापासून राग आहे.

यावर हमखास प्रश्न येतो, मग काय गुरगुरला की शरण जायचं? शरण कशाला? हात थांबवायचा, थोडं मागे व्हायचं, आणि का गुरगुरला ते शोधायचं. अंगाला हात लावल्यावर अचानक सुरू झालं असेल तर आधी डॉक्टर, ट्रेनर नंतर. जेवताना गुरगुरत असेल तर भांडं हिसकावून "मालक कोण" दाखवायला जाऊ नका. त्याने तो एवढंच शिकतो की माणूस जवळ आला की अन्न जातं. त्याऐवजी लांबून जाता जाता भांड्यात त्याच्याहून चविष्ट तुकडा टाका आणि पुढे चालू लागा. हळूहळू तुमची चाहूल लागली की तो शेपूट हलवत वर बघायला लागेल. पण प्रकरण दात दाखवण्याच्या पुढे गेलेलं असेल तर असले प्रयोग घरी एकट्याने करू नका, चांगला माणूस मदतीला घ्या. चांगला कसा ओळखायचा? पहिल्याच भेटीत गळ्यात चोक चेन, म्हणजे ओढली की गळा आवळणारी साखळी, घालायला सांगणाऱ्याला मी आता दारातूनच परत पाठवते.

आणि रॉटवायलरचं आणखी एक आहे, जे नवख्या माणसाला फसवतं. हा कुत्रा प्रेमातही गुरगुरतो. कान चोळले की भैरूच्या छातीतून जात्यासारखी घरघर निघते. पाहुणे दचकतात. तेव्हा आवाज न ऐकता अंग बघायचं. तोंड सैल, डोळे अर्धे मिटलेले, सगळं वजन तुमच्या पायावर टाकलेलं, म्हणजे तो सुखात आहे. इशाऱ्याच्या गुरगुरीत अंग दगडासारखं थिजलेलं असतं. या सुखाच्या घरघरीलाही "नो" म्हणून दाबणारी माणसं मी पाहिली आहेत. त्या जनावराने मग बोलावं तरी कसं?

अंगावर असं रेलणं मला या जातीच्या जुन्या कामाची आठवण वाटतं. जर्मनीतल्या रॉटवाइल गावाच्या खाटकांचे हे कुत्रे. गुरं हाकायची, मांसाची गाडी ओढायची, आणि बाजारातून परतताना मालकाच्या पैशांची थैली यांच्या गळ्यात बांधलेली असायची असं सांगतात. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली, गुरं रस्त्याने हाकत नेणं संपलं आणि यांचं काम गेलं, जात संपत आली. पुढे १९१०च्या सुमाराला पोलिसांच्या कामासाठी त्यांना मान्यता मिळाली तेव्हा ती सावरली. लोकांना फक्त हा पोलिसी भाग माहीत असतो. गुरं हाकणाऱ्या कुत्र्याला दिवसभर माणसाशी बोलत काम करावं लागतं, स्वतः निर्णयही घ्यावा लागतो. असा कुत्रा साखळीला बांधून फाटकाशी ठेवला तर तो बिघडणारच.

शेपटीबद्दलही बोलायलाच हवं. जुन्या फोटोंमुळे अनेकांना वाटतं रॉटवायलरला शेपूटच नसते. ती पिल्लू काही दिवसांचं असताना कापली जायची, फक्त दिसण्यासाठी. जर्मनीने १९९८ साली हे बंद केलं. शेपूट म्हणजे त्याच्या बोलण्याचा मोठा भाग. कापलेल्या शेपटीचं पिल्लू "ओरिजिनल" म्हणून दाखवणाऱ्याकडून कृपया घेऊ नका.

पिल्लू घेताना आईबापांच्या खुब्याचे आणि कोपराचे एक्स-रे रिपोर्ट मागा. जर्मनीतल्या १९२१पासूनच्या एडीआरके या रॉटवायलर संघटनेत खुब्याची तपासणी आणि स्वभावाची चाचणी झाल्याशिवाय कुत्र्याला पैदाशीसाठी परवानगी मिळत नाही. मी भैरूला घेताना फक्त आईचा फोटो मागितला होता, तो छान होता. पार्वो या जीवघेण्या विषाणूच्या लसी अजिबात चुकवू नका, या जातीच्या पिल्लांना तो जास्त धरतो. वाढीच्या वयात वरून कॅल्शियम देऊ नका, पिल्लू गुटगुटीत करायच्या मागे लागू नका, जिने आणि उड्या मर्यादेत ठेवा. नर ५० किलोच्या आसपास जातो, ते वजन पेलणारे सांधे तयार व्हायला दीड वर्ष तरी लागतं. नसबंदी करायची असेल तर कोणत्या वयात, हे डॉक्टरांशी नीट बोलून ठरवा. वर्षाच्या आत नसबंदी झालेल्या रॉटवायलरमध्ये हाडाच्या कॅन्सरचा धोका जास्त दिसला, असा अभ्यास २००२ साली आलेला आहे.

घरात लहान मूल असेल तर मुलालाही गुरगुर ऐकायला शिकवा. "तो थांब म्हणतोय" इतकं तीन-चार वर्षांच्या मुलाला समजतं. तरी दोघांना एकटं सोडू नका.

भैरूच्या मागे मी जवळजवळ वर्ष घालवलं. वजन उतरवलं, पोहायला नेलं, डॉक्टरांनी सांगितलेली औषधं दिली. पाय पुसणं पहिल्यापासून शिकवलं. आधी नुसता टॉवेल दाखवायचा आणि खाऊ द्यायचा, मग टॉवेल पायाला लावायचा आणि खाऊ, मग मागचा डावा पाय उचलून न घेता जमिनीवर असतानाच पुसायचा. गुरगुर बरेच महिने परत आलीच नाही आणि मला तीच भीती वाटायची. मग एका संध्याकाळी, पाऊस पडून गेला होता, टॉवेल जरा जोरात लागला आणि ती आली. अगदी बारीक, घशातल्या घशात. मी हात काढला. "बरं, समजलं," म्हटलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, दोन क्षण थांबला, आणि मग स्वतःच वळून उजवा पाय पुढे केला.