तोंड पाहून टिळा

अमेरिकेतल्या शाळेत शिकवणार आहात? वा! वर्गात काळी, गोरी, मेक्सिकन, चिनी, आपली देशी, सगळी पोरं असतील. घाबरू नका. शिस्तीचे मंत्र देते, गेल्या गुरुवारीच ताजे मिळालेत.

एक. नियम भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावा. पाळायचे आहेत असं कुठे आहे?

दोन. काय केलं ते बघू नका, कोणी केलं ते बघा. गणिताच्या तासाला माझं सहावीतलं कार्टं आणि त्याचा जिगरी दोस्त एकमेकांवर खोडरबर फेकत होते. खोडरबर एकच, बाक एकच. बाई माझ्या लेकाला हसून म्हणाल्या, "पुरे हं आता." दोस्ताच्या हातात चिठ्ठी, चल ऑफिसात. दोस्त काळा आहे, हे वेगळं सांगायला हवं का? आणि चिठ्ठीत 'खोडरबर' लिहू नका, फारच किरकोळ दिसतं. 'उद्धट वर्तन' लिहा. खोडरबर किती वेळा फेकलं ते विचारता येतं, उद्धटपणा कोण मोजणार? वर बघितलं तर उद्धट, खाली बघितलं तर मग्रूर, "मी एकटाच नव्हतो" म्हटलं की उलट उत्तर! अहो, नव्हताच एकटा! दुसरा शेजारी बसून निवांत अपूर्णांक सोडवत होता!

ही युक्ती जुनीच आहे. शाळेतल्या शिक्षांचा अभ्यास करणारे अमेरिकन संशोधक रसेल स्किबा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 मध्ये दाखवून दिलं होतं की गोऱ्या मुलांना ऑफिसात धाडतात ते सिगारेट, मोडतोड असल्या डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींसाठी. काळ्यांना 'अनादर' आणि 'फार आवाज' यांसाठी. 2013-14 च्या सरकारी आकड्यांत सार्वजनिक शाळांमधली काळी मुलं 15.5 टक्के, निलंबित झालेल्यांत मात्र सुमारे 39 टक्के. केवढा उद्धटपणा म्हणायचा हा!

तीन. एकाच्या आईला कामावरून बोलावून घ्या, दुसरीला ईमेलमध्ये स्माईली पाठवा. मला आली.

चार. कुणी विचारलंच तर "प्रत्येक केस वेगळी असते" म्हणा.

रात्री जेवताना लेक म्हणाला, "आई, पहिल्यांदा मी फेकलं होतं." घास तसाच राहिला माझा. आपल्या मराठी पालकांच्या ग्रुपवर लिहिलं, तर उत्तर काय? "तुझ्या मुलाला काही झालं नाही ना? मग कशाला भानगडीत पडतेस?" दुसरीचा सल्ला, त्या पोरापासून लांब ठेव म्हणे. का हो? आपल्याला विमानतळावर बाजूला घेतलं की चार दिवस बोंब मारता, आणि इथे आपलं पोर सुटलं म्हणून गप्प? 1964 चा नागरी हक्क कायदा, ज्याच्या आधाराने आपणही ताठ मानेनं नोकऱ्या करतो, तो कुणी लाठ्या खाऊन मिळवला? थोडी तरी लाज बाळगा.

तो मुलगा एक दिवस निलंबित होता. अपूर्णांकांची चाचणी त्याच दिवशी झाली. मुख्याध्यापिकेला पत्र लिहिलंय, खोडरबर पहिल्यांदा कुणी फेकलं ते लेकाने स्वतःच्या अक्षरात लिहून दिलंय. खाली सह्या हव्यात. ग्रुपवर अंगठे दाखवू नका, पेन घेऊन या.